बबल सीपॅप: बुडबुडे मधूनच थांबतात, ऑक्सिजन वाढवावा लागतोय

रात्रपाळी_एसएनसीयू
३० आठवड्यांचं बाळ, वजन १२५० ग्रॅम, वय ५ तास. कण्हत होतं, छाती आत ओढली जात होती म्हणून बबल सीपॅप (नाकातून सतत दाबाखाली हवा; बाहेर जाणाऱ्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवून दाब ठरतो) लावलंय. दाब ५ सेंमी पाणी, फ्लो मिनिटाला ६ लिटर, प्रॉंग (नाकपुड्यांत बसणारी जोडनळी) १ नंबर. सिल्व्हरमन स्कोअर (श्वासाचा त्रास मोजणारा, जास्त म्हणजे वाईट) ५ चा ३ झाला होता, आता परत ५. बाटलीतले बुडबुडे मधूनच बंद पडतात, फ्लो ९ केला की सुरू होतात. तरी ऑक्सिजन ३० टक्क्यांवरून ४० वर गेला, सॅच्युरेशन जेमतेम ९०. पोट फुगलंय, नाकाचा पडदा लालसर दिसतोय. फ्लो असाच ठेवू का दाब वाढवू?

इनचार्ज_सिस्टर
फ्लो आधी ६ वर आणा. ९ लिटरने गळती झाकली जाते, बंद होत नाही. शिवाय बाळाने तोंड मिटलं की त्याच फ्लोमुळे दाब ५ च्या वर चढतो.

गळती कुठे आहे ते असं शोधा: प्रॉंग नाकातून काढून ग्लोव्ह घातलेल्या बोटाने दोन्ही नळ्या बंद करा. बुडबुडे आले तर सर्किट ठीक, गळती नाकाशी किंवा तोंडातून. नाही आले तर ह्युमिडिफायरच्या (हवा गरम-ओलसर करणाऱ्या यंत्राच्या) चेंबरपासून एकेक जोड दाबून बघत या. चेंबरचं झाकण आणि टेम्परेचर प्रोबचं भोक, बहुतेक वेळा इथेच सापडतं.

तुमच्याकडे मला प्रॉंगच लहान वाटतोय. १२५० ग्रॅम म्हणजे १ आणि २ च्या सीमेवर, २ लावून बघा. नाकपुडी पूर्ण भरली पाहिजे, पण कड पांढरी पडता कामा नये. लहान प्रॉंग लावला की गळती होते, मग आपण तो आत ढकलतो आणि पडदा सोलतो. प्रॉंगचा पूल (दोन नळ्यांना जोडणारा भाग) आणि पडदा यांत २ मिमी जागा दिसलीच पाहिजे. टोपी सैल असेल तर सगळं खाली सरकतं, तीही बघा. लाली आहे तिथे हायड्रोकोलॉइडची पट्टी लावा आणि दर ३–४ तासांनी टॉर्चने पडदा तपासून नोंदवा.

पोटासाठी तोंडातून ८ नंबरची नळी, वरचं टोक उघडं. नळी बंद ठेवून पोट फुगलं म्हणून फीड थांबवायचं, हे फार ठिकाणी चालतं! तोंड उघडं पडत असेल तर हनुवटीला हलका आधार द्या. तोंड चिकटपट्टीने बंद करू नका.

रात्रपाळी_एसएनसीयू
प्रॉंग २ नंबर लावला, नाकात सलाइनचे थेंब टाकून सक्शन केलं, पोटातून बरीच हवा निघाली. फ्लो ६ वर बुडबुडे सलग आहेत. डॉक्टरांनी दाब ६ केला. ऑक्सिजन अजून ३६ टक्के लागतोय, सॅच्युरेशन ९२.

नवजात_विभाग
म्हणजे आता अडचण फुप्फुसाची आहे, जोडणीची नाही. दाब ६ असून ३० टक्क्यांपेक्षा जास्त ऑक्सिजन लागत असेल तर सरफॅक्टंट (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या उघड्या ठेवणारं औषध) द्यायची वेळ झाली. ६० टक्क्यांपर्यंत वाट बघण्यात काही हशील नाही. जितकं लवकर द्याल तितका उपयोग. त्यातलं पोरॅक्टंट असेल तर २०० मिग्रॅ प्रतिकिलो, या बाळाला ३.१ मिली. बेरॅक्टंट १०० मिग्रॅ प्रतिकिलो, म्हणजे ५ मिली. सीपॅप चालू ठेवून श्वासनलिकेत बारीक कॅथेटरने द्या. तो सराव नसेल तर ट्यूब घालून औषध देऊन लगेच सीपॅपवर परत. कॅफीन सायट्रेट (श्वासाला चालना देणारं औषध) २० मिग्रॅ प्रतिकिलो, इथे २५ मिग्रॅ, आजच सुरू करा.

सरफॅक्टंटच्या आधी दोन्ही बाजूंचा श्वास ऐका, अंधार करून छातीला कोल्ड लाइट (न तापणारा प्रखर दिवा) लावा. सगळी जोडणी ठीक असताना ऑक्सिजनची गरज अचानक वाढली तर न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साचणं) आधी वगळायचा. व्हेंटिलेटर कधी? वारंवार ॲप्निया (श्वास थांबणं), सरफॅक्टंटनंतरही ऑक्सिजनची चढती गरज, किंवा एबीजीमध्ये (धमनीतल्या रक्तातल्या वायूंच्या तपासणीत) पीएच ७.२० च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड ६० च्या वर.

सॅच्युरेशनचं लक्ष्य ९०–९५. ऑक्सिजन चालू असताना ९८ दिसलं तर खूश होऊ नका, लगेच कमी करा. रेटिनोपॅथीचा (डोळ्याच्या पडद्याच्या इजेचा) धोका आहे.

बायोमेडिकल_दुरुस्ती
सिस्टरांनी सगळं सांगितलंय, दोनच गोष्टी जोडतो. बुडबुडे दिसतात म्हणजे ठरवलेला दाब मिळतोच असं नाही. श्वास बाहेर नेणाऱ्या नळीत पाणी साचलं की दाब वाढतो. ती नळी बाटलीकडे उतरती ठेवा, पाणी काढत राहा. तेच पाणी बाटलीत जमून पातळी चढते, आणि ६ चा दाब नकळत ७ होतो. दर पाळीला पातळी खुणेशी जुळवा.

दुसरं, वॉर्मरच्या (बाळाला ऊब देणाऱ्या यंत्राच्या) उष्णतेत टेम्परेचर प्रोब उघडा असेल तर तो जास्त तापमान दाखवतो, ह्युमिडिफायर हीटर कमी करतो आणि बाळाला कोरडी हवा जाते. नाकातला घट्ट शेंबूड बरेचदा त्यामुळेच. प्रोबवर चकाकणारं कव्हर लावा. चेंबर ३७ अंशांवर.

ब्लेंडर (हवा आणि ऑक्सिजन मिसळणारं यंत्र) बंद पडलाच तर दोन फ्लोमीटर वाय जोडाने जोडा: हवा ५ लिटर अधिक ऑक्सिजन १ लिटर म्हणजे साधारण ३४ टक्के. हवा ४ आणि ऑक्सिजन २ केला तर ४७.