अंतराळात हवाच नाही तं रॉकेट ढकलते कायले?

धानवाला_सिंदेवाही
राजेहो, डोक्याले ताप झाला. 2 एप्रिल 2022 ले संध्याकाळी आमच्या तालुक्यात लाडबोरीले आभाळातून धातूचं मोठं कडं पडलं होतं, बंडीच्या चाकाहून मोठं, आठवत असन. चीनच्या रॉकेटचा तुकडा असावा असं जाणकार म्हणत होते. तवा पोट्टा लहान होता, आता सहावीत गेला अन् काल जेवता जेवता इचारते, बाबा वरती हवाच नाही तं रॉकेट कायले ढकलून समोर जाते? म्या म्हनलं खालच्या हवेले ढकलते, दिवाळीच्या बाणासारखं. तं म्हणते "अन् हवा सरली का मंग?" मी गप. बायको हासून रायली. कोणी सांगा ना जी सोप्या भाषेत.

बंड्या_गोंदिया
सोपं हाय भाऊ. जाळ जमिनीवर आपटते, जमीन वरती ढकलते, मंग स्पीड धरला का तसंच जाते.

मोटरवाला_मामा
बंड्या, तसं नाही बापा. जमिनीचा काही संबंध नाही. धानवाले भाऊ, तुमच्या विहिरीवर पाच एचपीची मोटर असन. मोटर चालू झाली अन् पाइपाचं तोंड हातात असलं का पाणी येताबरोबर पाइप मागं झटका देते का नाही? आमच्याकडे एकदा सालदाराच्या हातून सुटला तं सापासारखा वावरभर नाचला. आता सांगा, समोर भिंत होती का? मोकळं वावर. पाणी समोरच्या कोणत्या भिंतीले ढकलत नाही, पाइप पाण्याले समोर फेकते, म्हून पाणी पाइपाले मागं रेटते. रॉकेटचं तेच, फक्त पाण्याच्या जागी तापलेला वायू. किती माल फेकला अन् किती जोरात फेकला, तेवढाच झटका.
तलावात डोंग्यात बसून मागं गोटे फेकून पाहा, डोंगा समोर सरकते. गोटा पाण्यात पडायच्या आधीच सरकते, हे ध्यानात घ्या.

रिटायर_गुरुजी
मामांनी अगदी बरोबर सांगितलं. न्यूटनचा तिसरा नियम, 1687 चा. उलट हवा रॉकेटला आडवीच येते, आणि तेच इंजिन पोकळीत थोडा जास्त जोर देतं. आणि धानवाले, तुमच्या गैरसमजाची लाज वाटू देऊ नका. 1920 साली न्यूयॉर्क टाइम्सनं गोडार्ड नावाच्या शास्त्रज्ञाची याच मुद्द्यावर थट्टा केली होती, पोकळीत रॉकेट चालणार कसं म्हणून. त्यांनी चूक छापून कबूल केली 17 जुलै 1969 ला, अपोलो 11 चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी. गोडार्ड तोवर वारले होते.

धानवाला_सिंदेवाही
पाइपाचं पटलं मामा, पोट्ट्यालेही पटलं. पण त्यानं लगेच दुसरं काढलं, हवा नाही तं जाळ पेटते कसा? चूल तं फुकल्याबिगर पेटत नाही.

मोटरवाला_मामा
पोट्टा हुशार हाय तुमचा. हवा नाही, म्हून ऑक्सिजन घरून घेऊन जाते, डबा बांधल्यासारखा. दिवाळीच्या बाणात बी दारूत सोरा असते, तोच ऑक्सिजन देते. चांद्रयान 3 च्या रॉकेटात वरच्या टप्प्यात द्रव हायड्रोजन होता उणे 253 डिग्रीचा अन् द्रव ऑक्सिजन उणे 183 चा, त्यालेच क्रायोजेनिक म्हणते. दोन्ही जळले का वायू सेकंदाले 4 किलोमीटरच्या वर वेगानं मागं सुटते.
पण गंमत पाहा, डबाच लय जड होते. 14 जुलै 2023 ले श्रीहरिकोट्याहून निघालं ते सारं मिळून 640 टन, अन् चांद्रयान किती, 3,900 किलो. म्हंजे एक किलो मालासाठी दीडशेच्या वर किलो वजन उचललं. बाजूले बांधलेल्या दोन जादा रॉकेटात, म्हंजे बूस्टरमधेच, 400 टनाच्या वर इंधन. म्हून रिकामी टाकी सोबत ओढत बसत नाही, टप्प्याटप्प्यानं सोडून देते.

बंड्या_गोंदिया
मंग वर गेल्यावर खाली काहून नाही पडत? अन् लाडबोरीचं काहून पडलं?

रिटायर_गुरुजी
पडतच असतं बंड्या, फक्त आडव्या वेगामुळं जमिनीला चुकवत पडतं. सुरुवातीला सरळ वर जातं ते दाट हवेतून लवकर बाहेर निघायला, मग वळतं आणि बहुतेक जोर आडवं पळण्यात जातो. खालच्या कक्षेत साधारण 7.8 किलोमीटर सेकंदाला. म्हणजे नागपूर ते चंद्रपूर वीस सेकंदांत. संपलेला टप्पा तसाच फिरत राहतो, तिथली अगदी विरळ हवाही त्याला घासून घासून वेग कमी करते, आणि एक दिवस तो दाट हवेत शिरून पेटतो. जे जळत नाही ते खाली येतं.

धानवाला_सिंदेवाही
पोट्टा आता पाइप धरून पायतो म्हणते. पण आमच्याकडे मोटरीची लाइन या आठवड्यात रातच्या बाराले येते, त्याची माय सोडत नाही. डोंग्याचं पायतो रविवारी.

मोटरवाला_मामा
गोटे जड घ्या. अन् उभे राहू नका.