पहिली पदवी पर्यावरणशास्त्रात घ्यावी का?

कृष्णाकाठची
माझी भाची यंदा बारावी शास्त्र झाली. पीसीएमबी, गुण उत्तम. तिला पर्यावरण व्यवस्थापन शिकायचंय. घर सांगली जिल्ह्यात. 2019 च्या ऑगस्टमधला पूर तिने गच्चीवरून पाहिलेला आहे, तेव्हा ओढ खरी आहे. माझं मत मात्र वेगळं आहे आणि इथल्या जाणकारांनी ते तपासावं म्हणून धागा काढते.

पर्यावरण हा एम.एस्सी.ला घ्यायचा विषय आहे. आधी रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूशास्त्र किंवा सिव्हिल, केमिकल असं काहीतरी पक्कं शिकावं. बी.एस्सी.लाच पर्यावरण घेतलं तर थोडं रसायन, थोडी परिसंस्था, थोडे कायदे, थोडं जीआयएस (संगणकावरचं नकाशाकाम) असं सगळं चाखून होतं आणि हात कशावरच बसत नाही.

दुसरं कारण व्यवहाराचं. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला पदवीत पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायन, भूशास्त्र, गणित, भौतिक, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी एक विषय लागतो. नाहीतर पदवी कृषी, वनविद्या किंवा अभियांत्रिकीची लागते. पर्यावरणशास्त्राचं नाव त्या यादीत नाही. अठराव्या वर्षी एवढा मोठा दरवाजा लावून का घ्यायचा?

रानवाट
ताई, वनसेवेचा मुद्दा बिनतोड आहे. बाकीच्याशी असहमत.

मी पहिल्या वर्षापासून पर्यावरणच शिकलो आणि आज ईआयए, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचे अहवाल, करणाऱ्या सल्लागार कंपनीत आहे. केंद्राच्या 2006 च्या ईआयए अधिसूचनेखाली येणाऱ्या प्रकल्पांना आधी पर्यावरणीय मंजुरी लागते. त्या अहवालासाठी नॅबेटच्या (सल्लागारांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेत 12 कार्यक्षेत्रं धरली आहेत: हवा, पाणी, आवाज, जैवविविधता, भूजल, सामाजिक-आर्थिक वगैरे. प्रत्येकाचा तज्ज्ञ वेगळा आणि प्रत्येकजण आपापलं प्रकरण लिहून मोकळा होतो. माझ्याकडे एका खाणीचा मसुदा आला होता. हवेच्या प्रकरणात धूळ दाबायला रोज टँकरने पाणी मारू असं लिहिलेलं, आणि पाण्याच्या प्रकरणात ते पाणी हिशेबात धरलेलंच नव्हतं. दोन्ही तज्ज्ञ आपापल्या विषयात पक्के होते! हे धागे जुळवण्याची सवय मला बी.एस्सी.च्या तीन वर्षांत लागली. नंतर दोन वर्षांच्या एम.एस्सी.त ती तेवढी मुरत नाही, असं मी सहकाऱ्यांकडे पाहून सांगतो.

सेकंड शिफ्ट
मी एमआयडीसीत ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट, सांभाळतो. ताईंच्या बाजूने.

कारखान्यातलं पर्यावरण म्हणजे काय ते मुलांना कुणी सांगत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतिपत्रं वेळेत नूतनीकरणाला टाकायची. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण 30 जूनच्या आत, पर्यावरण विवरणपत्र 30 सप्टेंबरच्या आत. आणि रोजच्या रोज एरेशन टँकपाशी (जिथे सांडपाण्यात हवा सोडतात) उभं राहायचं. मुलाखतीला आलेल्यांना मी एकच विचारतो: टँकवर पांढरा फेस आलाय, आधी काय तपासशील? केमिस्ट्रीवाला निदान पीएच, डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन), एमएलएसएस (टँकमधल्या जिवाणूंच्या गाळाचं प्रमाण) एवढं तरी म्हणतो आणि उत्पादनात कुठला साबण किंवा सर्फॅक्टंट (फेस करणारं रसायन) वापरला का, असं विचारतो. पर्यावरणवाली मुलं हुशार असतात, हवामानबदलावर सुंदर बोलतात, पण अनेकांनी चालू ईटीपी एकदाच सहलीत पाहिलेला असतो.

सेबीने पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना बीआरएसआर (पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा) अहवाल बंधनकारक केल्यापासून ऑफिसातलं काम वाढलंय हे खरं. तिथे कॉमर्स आणि एमबीएवालेही रांगेत आहेत, हे लक्षात असू द्या.

फळा_खडू
सेकंड शिफ्ट, तुम्ही सांगताय तो दोष महाविद्यालयाचा आहे. तो विषयाच्या माथी मारू नका. मी हा विषय शिकवते.

सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली एम. सी. मेहता प्रकरणात पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. पुढे यूजीसीने सगळ्या पदवीधरांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणला. हेतू चांगला होता, पण बहुतेक ठिकाणी त्याची फाइल रंगवून जमा करण्याची गोष्ट झाली आणि पर्यावरण म्हणजे सोपा विषय हा समज घट्ट बसला. पूर्ण पदवीलाही लोक त्याच नजरेने बघतात, याचं मला फार वाईट वाटतं. चांगल्या विभागात मुलं बीओडीच्या (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते ते मोजायच्या) बाटल्या पाच-पाच दिवस इनक्युबेटरमध्ये ठेवतात (आपल्याकडे 27 अंशांवर तीनच दिवसांची पद्धतही चालते), क्वाड्रॅट (ठरावीक मापाची चौकट) टाकून गवतं मोजतात, संख्याशास्त्र घाम फुटेपर्यंत करतात.

तेव्हा भाचीला माहितीपत्रक वाचू देऊ नका, प्रयोगशाळा बघायला पाठवा. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (द्रावणातून जाणाऱ्या प्रकाशावरून त्यातल्या पदार्थाचं प्रमाण मोजणारं यंत्र) मुलांचे हात चालतात का, की ते कपाटात आहे? संख्याशास्त्र किती क्रेडिटचं आहे? तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी सर नसताना बोलायचं. पुणे, कोल्हापूर, जळगाव इथल्या विद्यापीठांत या विषयाचे विभाग आहेत. पुढे तिकडे जायचं असेल तर एम.एस्सी.चे प्रवेशनियम आताच बघून ठेवा.

प्राध्यापकीसाठीच्या नेट या पात्रता परीक्षेत हा स्वतंत्र विषय आहे. कायमच्या जागा मात्र फार थोड्या निघतात, त्या भरवशावर कुणी येऊ नये.

खाडीपलीकडे
सगळे नोकरीवरच बोलताय. ती मुलगी नदी पाहून या विषयाकडे आली आहे, तिला आधी हे सांगा की ती कोणासाठी काम करणार.

ईआयए सल्लागाराचे पैसे प्रकल्पवालाच देतो. ज्याला मंजुरी हवी, त्याच्याच पैशातून त्याच्या प्रकल्पाचे दोष लिहिले जाणार! आमच्या गावच्या जनसुनावणीत अहवालात खाडीतल्या माशांची जी यादी होती, तिच्यात आमच्या बायका रोज विकतात ती कालवं आणि शिंपले नव्हतेच. पावसाळा सोडून एका ऋतूची पाहणी, तीही घाईत. मोठमोठ्या पदव्यांच्या लोकांनी सही केलेला अहवाल होता. मला रसायन आधी की पर्यावरण आधी यात रस नाही. तिथे चूक दिसली तर सही नाकारण्याची तिची तयारी आहे का, हे विचारा.

रानवाट
खाडीपलीकडे, पैशाची ही रचना चुकीची आहे, हे आत बसून मीही म्हणतो. सल्लागार तटस्थ यंत्रणेने नेमावा आणि पैसे तिच्यामार्फत यावेत. पण तोवर चांगल्या मुलांनी यायचंच नाही, तर तुमची कालवं त्या यादीत कोण घालणार?

खाडीपलीकडे
आमच्या बाजूला बसणारी मुलं घालतील. जनसुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी निघते, मराठी सारांश मिळतो, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अप्पर जिल्हाधिकारी असतात. लेखी हरकत कोणीही देऊ शकतो आणि तिला अंतिम अहवालात उत्तर द्यावं लागतं. एवढे हक्क कागदावर आहेत. आमच्याकडे नाही तो शेकडो पानांचा इंग्रजी अहवाल वाचून त्यातलं पाणी आणि माती कुठे चुकलीय ते दाखवणारा माणूस. ते काम पर्यावरण शिकलेल्या मुलीचं आहे. पगार कमी, कधी कधी नाहीच, हेही तिला खरं खरं सांगा.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे आभार. भाचीने धागा वाचला. फेसाच्या प्रश्नावर ती अडली आणि खाडीपलीकडे यांच्या प्रश्नाला तिने लगेच "हो" म्हटलं.

माझं मत अजून तेच आहे, पण पदवीच्या नव्या रचनेत मेजर-मायनर (मुख्य विषय आणि जोडविषय) असल्याने एक वाट दिसते: मेजर रसायनशास्त्र, मायनर पर्यावरण. ती उलटं मागतेय, पर्यावरण मेजर. पुढच्या आठवड्यात दोन महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा बघायला तिला घेऊन जाते. अर्ज कुठला भरायचा ते ती ठरवेल, मी मध्ये पडणार नाही. फळा_खडू, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना आणखी काय विचारायचं ते व्यनि (खाजगी निरोप) कराल का?