कुमशेतला मुक्काम आणि शिध्याची सोय? मदत हवी आहे

डिसेंबरात आम्ही चौघे मुंबईहून रतनगड, कात्राबाई खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड असे सलग चालणार आहोत. रतनवाडी आणि पाचनईत घरगुती जेवण-मुक्काम मिळतो, तिथली चिंता नाही. घोडं अडलंय कुमशेतला. ओळखीतून मिळालेला तिथला नंबर लागतच नाही (रेंजची बोंब, दुसरं काय!). तंबू आहेत. पण कसाऱ्यापर्यंत लोकलने येणार, म्हणजे गॅस नेता येणार नाही, आणि हा भाग अभयारण्यात येतो, म्हणून चूल पेटवायची नाही. राजूरला बाजारासाठी वाट वाकडी करायची नाही. एकाला कांदा-लसूण वर्ज्य, म्हणून पिठलंसुद्धा आधी सांगूनच करून घ्यावं लागेल.

कुमशेतला न कळवता गेलो तर चौघांना भाकरी आणि ओसरी मिळेल का? दुकानात तांदूळ, डाळ, पोहे असतात, की पुढचा सगळा शिधा रतनवाडीहूनच पाठीवर घ्यावा?