मदत हवी आहे: शिशाच्या वजनाचं बूड एकसारखं येत नाही

घटप्रभाकाठ
गळाची शिशाची वजनं घरीच ओततो, बुलेटच्या आकाराची, ४० ग्रॅमची. टोक झकास येतं, पण बूड काही केल्या सपाट येत नाही. एका बाजूची कड भरत नाही, मधे खड्डा पडतो. वजन कधी ३७ भरतं, कधी ४०. फेकलं की हवेतच डुलतं आणि भलतीकडे पडतं. हिडकलच्या धरणावर लांब फेकावं लागतं, तिथं हे चालत नाही. रविवारी जायचंय, लवकर सांगा.

भट्टीवाला_उद्यमबाग
साचा कशाचा? ओतता टोकाकडून की बुडाकडून? साचा तापवता का? शिसं कुठलं? यातलं काहीच न सांगता लवकर सांगा म्हटल्यावर काय सांगायचं ओ?

खानापूरचा_गळवाला
मेणबत्तीची काजळी धरा साच्याला. मी कायम तेच करतो, दुसरं काही लागत नाही.

कायदा_वाचा
घरी बुलेट करायला परवाना लागतो. १९५९ चा शस्त्र कायदा बघा.

घटप्रभाकाठ
गळाचं वजन आहे ओ, वर लिहिलंय की. साचा ॲल्युमिनियमचा, दोन पाकळ्यांचा, वर भोक असलेली फिरती पट्टी. ओततो बुडाकडून, टोकाकडून कोण ओततं? शिसं जुन्या बॅटरीचं. साचा कशाला तापवायचा, शिसं तापलेलं असतंय की.

भट्टीवाला_उद्यमबाग
दुखणं तिथंच आहे. शिसं ३२७ अंशाला वितळतं. गार साच्यात पडलं की कडेला पोचायच्या आधीच थिजतं, आणि तुमच्या साच्यात बूड सगळ्यात शेवटी भरतं. साचा शेगडीवर नीट तापवून घ्या. वजनाच्या अंगावर सुरकुत्या दिसल्या तर साचा गार आहे नाहीतर तेलकट. पांढुरकं, दाणेदार आलं तर जास्त तापलाय. शिवाय शंभर भाग शिशाला दोन भाग कथील घाला, शिसं कोपऱ्यात शिरतं आणि कड धारदार येते.

खानापूरचा_गळवाला
कथिलाचा भाव बघितलाय का मर्दा? काजळीनं फुकटात होतंय.

भट्टीवाला_उद्यमबाग
काजळीनं वजन सुटून येतं आणि शिसं जरा सावकाश थिजतं, तेवढंच. थर जाड झाला तर हवा बाहेर जायच्या बारीक चिरा बुजतात. मग हवा बुडाच्या कडेलाच अडकते. दोन्ही पाकळ्यांच्या चिरा सुईनं साफ करा आधी.

खानापूरचा_गळवाला
पातळ धरायची असते काजळी, जाड कोण म्हणालं?

निपाणीकर_ताई
बॅटरीचं शिसं घरात वितळवू नका, दादा. त्यात ॲसिड असतं, अँटिमनी आणि आर्सेनिकही असतं. वितळवल्यावर वर जी मळी येते तिला ओल लागली की विषारी वायू सुटतो. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला बाधते. बॅटरी भंगारवाल्याला देऊन टाका, प्लंबरकडचं जुन्या पाइपाचं शिसं घ्या. चूल उघड्यावर मांडा, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका आणि वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंबही पडू देऊ नका, अंगावर उडतं. चाकाला लावायची वजनं आणलीत तर त्यात जस्ताचीही निघतात. जस्त ४१९ अंशाला वितळतं, तेव्हा आच बेताची ठेवून तरंगणारे तुकडे काढून टाका.

अथणीचा_पाहुणा
कटला माशाला ४० ग्रॅम कशाला? भाताच्या कोंड्याचा गोळा करा, काठाजवळच लागतो. इंग्लंडात १९८७ पासून गळाच्या छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी आहे, हंस ती गिळून मरायचे.

घटप्रभाकाठ
कोंड्याचा धागा वेगळा काढा, अण्णा. ताई, पाइपाचं शिसं आणलं, चूल मागच्या परड्यात मांडली. साचा तापवला, तर कड सगळीकडून भरली! खड्डा मात्र आहे अजून.

भट्टीवाला_उद्यमबाग
शिसं थिजताना साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकसतं. ती तूट वरून भरून निघाली पाहिजे, नाहीतर बूड आत ओढलं जातं. साचा भरला तरी पळी लगेच उचलू नका, भोकावर शिशाचं थारोळं राहू द्या. थिजलं की वरची चमक जाते. त्यानंतर थोडं थांबूनच पट्टी फिरवा, घाई केलीत तर बुडातला तुकडा ओढून निघतो. पट्टी फार घट्ट असेल तर स्क्रू जरा ढिला करा, हवा जाईल. तरीही खड्डा पडला तर भोक बारीक आहे, वर्कशॉपात रुंद करून घ्या.

खानापूरचा_गळवाला
भोक रुंद करायच्या आधी काजळी धरून बघा.