तरवड उपटायचा म्हणे! "दळिद्री झुडूप" म्हणणाऱ्यांना उत्तर

मुरूमवाट:
परवा इथं एकानं लिहिलं की घराभोवती तरवड ठेवणं दळिद्रीपणाचं लक्षण, त्याला ना वास ना मध, उपटून टाका अन् नर्सरीतली रंगीत घाणेरी लावा, फुलपाखरं ढिगानं येतील. त्यावर सगळे "छान माहिती" म्हणायलेत. वाचल्यापासून डोकं तापलंय म्हणून सविस्तर लिहायलोय.

घाणेरी अमेरिकेतून आलेली, एकदा रानात शिरली की खाली गवत उगवू देत नाही. तरवड इथला, आपल्या मुरमाचा. जनावर तोंड लावत नाही, पाणी कुणी घालत नाही, तरी उभा. 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, त्या साली कुंड्यातले गुलाब वाळून कोळ झाले अन् माळावर तरवड तसाच उभा होता. शेजारच्या तेलंगणानं 2014 सालीच हे फूल राज्यफूल केलं अन् आपण त्याला दळिद्री म्हणायलोत.

आता मध नाही ही तक्रार. खरंय, तरवडाच्या फुलात मध नसतोच. पण माशीला पिल्लं वाढवायला पराग लागतो की नाही? तरवडाचे पुंकेसर पूर्ण उघडत नाहीत, टोकाला बारीकशी भोकं असतात, त्यातून पराग काढायचा तर फुलाला धरून अंग थरथरवावं लागतं. काळा भुंगा अन् निळ्या पट्ट्याची छोटी माशी हे करतात, जवळ उभं राहिलं तर आवाज बदललेला कळतो. आपल्या मधमाश्यांना, आग्या असो की सातेरी, हे जमत नाही, त्या सांडलेलं गोळा करतात. अन् वांगं-टमाट्याच्या फुलाची रचना अशीच आहे. म्हणजे तरवडावर पोसलेला भुंगाच तुमच्या वांग्यावर येतो. परसात वांगी लावायची अन् तरवड उपटायचा, हे कसलं शहाणपण?

गच्चीवरची बाग:
ती पोस्ट माझीच. घाणेरीवर फुलपाखरं येतात हे तुम्हाला तरी नाकारता येईल का? माझ्या कंपाऊंडला आहे, सकाळी या बघायला. तरवडावर एक तरी फुलपाखरू मध पिताना दाखवा. शिवाय शेंगा वाळून महिनोन्‌महिने लोंबत राहतात, ते काय अंगणात शोभतं? आणि भुंग्याचं कौतुक सांगू नका, आमच्या सागवानी चौकटीला बोट जाईल एवढी भोकं पाडलीत, नातवाला घेऊन बाहेर बसायची भीती वाटते.

मुरूमवाट:
फुलपाखरू तरवडावर मध प्यायला नाही, अंडी घालायला येतं. ती पांढरट-हिरवट भिरभिरी असतात ना पावसाळ्यात, त्यांच्या अळ्या तरवडाची पानं खातात. तुम्ही फुलपाखराला जेवायला बोलावता अन् लेकरं वाढवायला जागा देत नाही. भुंग्याचं म्हणाल तर नराला नांगीच नसते, मादी हातात धरून दाबल्याशिवाय सहसा डसत नाही. कोपऱ्यात वाळका ओंडका, बांबू टाका, तो चौकट सोडून तिकडं जाईल.

गच्चीवरची बाग:
जाईल म्हणे. चौकट बदलायचा खर्च मी केलाय, तुम्ही नाही.

माळकरीण:
भुंगे राहू द्या बाजूला. आमच्याकडं घटाला तरवडाची माळ लागते, आजीपासून चालू आहे. लहानपणी सकाळी उठून वेशीबाहेर जायचं, ओंजळभर फुलं तोडून यायचं. आता वेशीबाहेर प्लॉटिंग झालंय, जेसीबीनं सगळं साफ केलं, मागल्या नवरात्रात एक झाड सापडेना. शेवटी झेंडूची माळ घातली. झेंडू मेक्सिकोचा, अन् देवीला आपल्या मातीचं फूल नाही. कुणाला काही वाटत कसं नाही?

धुरेकरी:
ताई, प्लॉटिंगचं सोडा, शेतात तरी कुठं राहिलाय? तरवड असायचा धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावर. आता धुराच राहिला नाही. माझा शेजारी दरसाल ट्रॅक्टरनं नांगराचं एक तास (ओळ) आत घेतो, आज एक वीत, पुढल्या साली एक वीत. मोजणी आणली तर खुणा रातोरात गायब. उरलेल्या धुऱ्यावर तणनाशक, तरवड, बोरी, हराळी सगळं पिवळं पडून मेलं. ती निळ्या पट्ट्याची माशी मातीत भोक करून राहते, न नांगरलेली जमीन लागते तिला. धुरा कोरला म्हणजे तिचं घरच गेलं. अन् तुम्ही गच्चीत कुंडीत काय लावायचं यावर भांडायलेत.

चार_एकर:
शेजाऱ्याचं एकतर्फी ऐकून आम्ही काय न्याय करायचा? तणनाशकावर बोलणं लई सोपंय. निंदायला बाई मिळत नाही, मिळाली तर मजुरी परवडत नाही, सोयाबीनला भाव नाही. धुऱ्यावर गवत-झुडूप वाढलं की सापाची भीती, त्याचं बी शेतात. अन् सोयाबीनला भुंगा लागत नाही, ते आपलं आपण फळतं. माझं पोट तरवडावर भरत नाही.

धुरेकरी:
पोट कुणाचंच भरत नाही, पण दुसऱ्याचा धुरा खाऊन भरायचं का?

चार_एकर:
मला चोर म्हणायलास का? नीट बोल. माझ्या बापाचा बांध पलीकडच्यानं फोडला, पावसात अर्धं रान वाहून गेलं, तेव्हा कुणी पोस्ट टाकली नव्हती. मलाही बांध पाहिजेच, पण मोकळा.

मुरूमवाट:
दोघांनी दमानं घ्या. चार_एकर, बांध वाहून गेला म्हणता ना, मोकळ्या बांधाची मातीच आधी सुटते. तरवडाचं मूळ खोल जातं, उंचीला माणसाएवढाच, पिकावर सावलीसुद्धा फार पडत नाही. पूर्वी कातडी कमवायला याची साल लागायची म्हणून लोक राखत होते, ती गरज संपली अन् झाड बेवारशी झालं.

चार_एकर:
माती धरतो ते मान्य. तेवढंच.

गच्चीवरची बाग:
वांग्याचा मुद्दा मला माहीत नव्हता. गच्चीत वांग्याला फुलं लागून गळतात, खत देऊन थकले. लावीन एक तरवड, मागच्या भिंतीला, गेटपाशी नाही. पण घाणेरी काढणार नाही, आग्रह करू नका.

मुरूमवाट:
निदान तिची फळं पिकायच्या आत छाटत जा, पाखरं बी रानात नेतात. तरवडाच्या वाळलेल्या शेंगा तोडा, बी कडक असतं, कोमट पाण्यात रात्रभर भिजवून पहिल्या पावसात जागेवरच टोचा. मोठं रोप उपटून आणू नका, मूळ तुटलं की जगत नाही. माळकरीण ताई, बी पाहिजे असल्यास सांगा, पाठवतो.

माळकरीण:
पाठवा. देवळामागं पडीक जागा आहे, तिथं ओळीनं लावते.

चार_एकर:
लावा खुशाल. माझ्या बांधाला नको, कडेला तूर आहे.

धुरेकरी:
तुरीच्या फुलावर भुंगा बसतो तो कुठून येतो, ते सकाळी जाऊन बघ एकदा.