शब्दचर्चा : मेगाबिट, मेगाबाइट आणि आपली 'एमबी'

डिचोलीहून :
यंदा आमच्या वाड्यावरच्या जत्रेतलं नाटक आम्ही चित्रित केलं. ४ गिगाबाइटची, म्हणजे ४ हजार 'एमबी'ची फाइल पुण्याला भाच्याकडे पाठवायची होती. घरात इंटरनेटची 'चाळीसची लाइन' आहे, जायला चाळीस आणि यायलाही चाळीस. शेजारच्या काकांनी तोंडीच हिशेब मांडला : ४ हजार भागिले चाळीस, शंभर सेकंद. फाइल जायला चौदा मिनिटं लागली. काकांनी लाइनवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, चाळीस एमबीच येते, मोजून बघा." मोजली तर खरंच चाळीस. पण फाइल जाताना पडद्यावर पाचच्या आसपासचा आकडा दिसत होता. दोघंही 'एमबी'च म्हणत होते आणि दोघंही खरं बोलत होते. हे दोन शब्द मराठीत वेगळे कसे ठेवायचे?

फोंड्याहून :
लाइनचा वेग बिटांत सांगतात, फाइलचं माप बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून ४० मेगाबिटला आठाने भागायचं : सेकंदाला ५ मेगाबाइट. ४,००० भागिले ५ म्हणजे ८०० सेकंद, १३ मिनिटं २० सेकंद. वरचा थोडा वेळ जातो तो फाइलचे तुकडे पाठवताना प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालावा लागतो त्यात. म्हणून प्रत्यक्ष वेग हिशेबापेक्षा थोडा कमीच भरतो.

आता शब्दांकडे. 'बिट' म्हणजे द्विमान अंकाच्या (शून्य किंवा एक) इंग्रजी नावाचा संक्षेप. तो जॉन ट्यूकी यांनी सुचवला आणि क्लॉड शॅनन यांच्या १९४८ सालच्या निबंधातून छापील रूपात पुढे आला. 'बाइट' १९५६ मधला, आयबीएम या संगणक कंपनीतल्या वर्नर बुखोल्ट्झ यांचा. त्याचं इंग्रजी स्पेलिंग त्यांनी मुद्दाम बदललं, कारण एक अक्षर गळलं की बाइटचा बिट झाला असता. हा गोंधळ शब्द घडवतानाच त्यांना दिसला होता.

मडगावहून :
बाइटला 'अष्टक' म्हटलं तर? आठ श्लोकांचं अष्टक आपल्या घराघरांत म्हणतात. आठाने भागायचं हे नावातच येईल.

फोंड्याहून :
शब्द सुंदर आहे, पण तो 'ऑक्टेट'साठी राखून ठेवावा. सुरुवातीच्या यंत्रांत बाइट नेहमीच आठ बिटांचा नसे. आठाची सवय लागली ती मुख्यतः १९६४ च्या आयबीएम सिस्टम/३६० नंतर. म्हणून नेटवर्कचे नियम लिहिणाऱ्यांनी जिथे नक्की आठच हवेत तिथे 'ऑक्टेट' वापरला. 'अष्टक' त्याला नेमका बसतो.

म्हापशाहून :
मुळातली अडचण लिपीत आहे, आणि तिच्याकडे आपण लक्षच देत नाही. रोमन लिपीत लहान 'बी' म्हणजे बिट, मोठा 'बी' म्हणजे बाइट. सगळा फरक अक्षराच्या आकारावर उभा आहे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे 'एमबी' लिहिलं की तो फरक पुसला जातो. बोलताना तर रोमनमध्येही तो ऐकू येत नाही. काका आणि लाइनवाला फोनवर भांडले ते यामुळेच.

काही जण 'मेबि' आणि 'मेबा' असे संक्षेप सुचवतात. ते करू नका. 'मेबि' हा उपसर्ग १९९८ पासून वेगळ्याच अर्थाने ठरलेला आहे : मेगा म्हणजे १०,००,०००, मेबि म्हणजे १०,४८,५७६. एक गोंधळ मिटवताना दुसरा उभा राहील. पूर्ण शब्द लिहावा, 'मेगाबिट' किंवा 'मेगाबाइट', आणि पुढे 'दर सेकंदाला'. चार अक्षरं जास्त लागतात, लागू देत.

आमच्या घरी भात कुडवाने मोजत, वीस कुडवांची खंडी. आजी कोठीपाशी बसून प्रत्येक कुडव मोठ्याने मोजायची आणि विसावा झाला की भिंतीवर कोळशाची रेघ मारायची. धाकटं आणि मोठं माप, दोन्हींना स्वतंत्र नावं होती. एकाच नावाने दोन्ही मोजली असती तर भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीवर राहणारा) यांचा हिशेब कधीच जुळला नसता.

डिचोलीहून :
पटलं. काकांच्या वहीत आता असं लिहिलं आहे : "लाइन सेकंदाला ४० मेगाबिट, म्हणजे ५ मेगाबाइट." त्यांनी लाइनवाल्यालाही ते वाचून दाखवलं. एक शंका उरली : अनेकवचन 'आठ बिट' की 'आठ बिटं'?

म्हापशाहून :
'आठ बिट'. बातमीदार 'बाइट घेतला' म्हणतात, तसा हा बाइटही पुल्लिंगी आणि बिटही. सामान्यरूप मात्र करावं : बिटांचा, बाइटांत.