श्रीलंकेला अणुभट्टी झेपेल का?

तारखांब (धागाकर्ता)

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. कोलंबोच्या दक्षिणेला पानदुराच्या उपकेंद्रात माकड शिरलं आणि अख्ख्या श्रीलंकेची वीज गेली. हनुमान आणि लंकेचे विनोद झाले, मीही दोन पुढे ढकलले. पण माझी रोजीरोटी ग्रीडवर, त्यामुळे खरी खटकली ती पुढची गोष्ट. त्या झटक्यात नोरोचोलायचा ९०० मेगावॉटचा कोळसा प्रकल्प बंद पडला आणि परत यायला त्याने काही दिवस घेतले. रविवारची मागणी कमी, छतावरची सौर वीज जोरात, आणि धक्का सोसायला फिरणारी अवजड जनित्रं मोजकीच.

हाच देश अणुवीज आणायचं म्हणतोय. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं (आयएईए) पथक एप्रिल २०२२ मध्ये तिथली तयारी तपासून आलं. मार्चअखेरीला तिथे १३-१३ तास वीज नव्हती आणि १२ एप्रिलला सरकारने परकीय कर्जाचे हप्ते थांबवले. मुहूर्त बघा!

आयएईए नवख्या देशाला तीन टप्पे आणि १९ विषय देते. त्यात कायदा, नियामक, ग्रीड, मनुष्यबळ, आपत्कालीन नियोजन, कचरा हे सगळं आहे. भट्टी कुठल्या मॉडेलची, हा मात्र स्वतंत्र विषयसुद्धा नाही. आपल्या चर्चा नेमक्या तिथूनच सुरू होतात.

ग्रीडवाल्यांचा ढोबळ नियम असा की कुठलंही एक युनिट एकूण यंत्रणेच्या दहा टक्क्यांहून मोठं नसावं, कारण ते अचानक गेलं तर बाकीच्यांना सांभाळता आलं पाहिजे. श्रीलंकेची कमाल मागणी अडीच-पावणेतीन हजार मेगावॉट, रविवारी दुपारी त्याहून बरीच कमी. म्हणजे नोरोचोलायचं ३०० चं युनिटच नियमाबाहेर आहे. तिथे १,००० मेगावॉटची भट्टी कुठे टेकवणार? शिवाय भट्टी बंद पडली तरी तिला थंड ठेवायला बाहेरून वीज लागते. डिझेल जनित्रं असतात, पण दर वेळी त्यांच्या भरवशावर राहायचं?

माझं म्हणणं एवढंच: तयारी जरूर करा, ऑर्डर देऊ नका. पटत नसेल तर बोला.

अबुधाबीकर

नाही पटत. ऑर्डरशिवाय तयारी म्हणजे पाण्याबाहेर पोहण्याचा क्लास. अमिरातीचंच बघा. २००८ ला धोरण जाहीर. २००९ मध्ये नियामक संस्था उभी, अणुऊर्जा कंपनी उभी, आणि त्याच डिसेंबरात कोरियाला बराका अणुप्रकल्पाच्या चार युनिट्सची ऑर्डर. सगळं एका वर्षात! २०१२ ला बांधकाम सुरू, २०२० ला पहिली भट्टी पेटली, सप्टेंबर २०२४ पर्यंत चारही चालू. एकूण ५,६०० मेगावॉट, देशाची सुमारे पाव वीज. इथे अणुविज्ञानाची कसली परंपरा होती? इंधन समृद्धीकरण आणि पुनर्प्रक्रिया (ज्यांतून अणुबाँबचा मालही बनू शकतो) करणार नाही हे आधीच लिहून दिलं, म्हणून अमेरिकेशी करारही पटकन झाला. इच्छा असली की होतं.

हिशेबनीस

इच्छा नव्हे हो, खिसा. अमिरातीने नियामकाचा पहिला प्रमुखसुद्धा अमेरिकेच्या अणुनियामकातला बडा अधिकारी आणून बसवला. श्रीलंका हे कुठल्या पैशाने करणार?

गरीब देशाचं उदाहरण हवं तर फिलिपिन्सचं बातान घ्या. हुकूमशहा मार्कोसच्या काळात ६२१ मेगावॉटचा अणुप्रकल्प, खर्च दोन अब्ज डॉलरच्या वर गेला. १९८६ मध्ये मार्कोस गेले, चेर्नोबिल झालं, आणि तयार प्रकल्पाला कुलूप. वीज शून्य, कर्ज मात्र २००७ पर्यंत फेडलं. बांगलादेशच्या रूपपूर अणुप्रकल्पाला १२.६५ अब्ज डॉलर, त्यातले ९० टक्के रशियाचं कर्ज. युक्रेन युद्धानंतर निर्बंध आले आणि हप्ता द्यायचा कसा, हाच प्रश्न पडला. मी धागाकर्त्याच्याही पुढे जातो: तयारीवरही पैसा घालवू नका. वारा आहे, ऊन आहे, धरणं आहेत, साठवणुकीच्या बॅटऱ्या लावा.

बोईसरचा

काका, आमच्या तारापूरची गोष्ट ऐका. १९६९ ला आपण तरी कोण मोठे होतो? अमेरिकेने बांधून दिलेल्या दोन भट्ट्या, मूळ २१० मेगावॉटच्या, पुढे १६० वर आणल्या. गुजरात-महाराष्ट्रात वीज वाटली. इथल्या पोरांना नोकऱ्या लागल्या, एक पिढी शिकून तयार झाली. घाबरून बसलो असतो तर काहीच झालं नसतं.

पण दुसरी बाजूही सांगतो, आमच्या घरात दोन्ही आहेत. १९७४ च्या पोखरण अणुचाचणीनंतर अमेरिकेने इंधनाचा हात आखडला. मग फ्रान्स, नंतर चीन, नंतर रशिया, असं दारोदार. आपला देश एवढा मोठा म्हणून निभावलं. आणि भट्टी तीन-चारसाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठवली, त्या पुनर्वसनाचं भांडण कोर्टात किती वर्षं चाललं ते पालघरात कुणालाही विचारा. मामा अजून जुन्या गावाचं नाव निघालं की उठून जातो. १९ विषयांत जागा आणि लोकसहभाग आहेत म्हणता, पण कागदावर टिक मारणं सोपं असतं.

तारखांब

@अबुधाबीकर, तुमच्याच उदाहरणात माझा मुद्दा आहे. बराकाची पहिली भट्टी २०१७ ला सुरू व्हायची होती. भट्टी जवळपास तयार होती, ती चालवणारे तयार नव्हते. नियामकाने परवाना दिला फेब्रुवारी २०२० मध्ये. वीस अब्ज डॉलरचं काम तीन वर्षं अडवून "अजून नाही" म्हणण्याची ताकद, यालाच मी तयारी म्हणतो. श्रीलंकेत त्या तीन वर्षांचं व्याज चढलं असतं आणि मंत्र्याने नियामकाला फोन केला असता.

श्रीलंकेने २०१४ च्या कायद्याने जुन्या प्राधिकरणाचे दोन भाग केले, प्रसार करणारं मंडळ वेगळं आणि नियमन करणारी परिषद वेगळी. हे चांगलं पाऊल आहे, उगाच नावं ठेवणार नाही. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या स्वायत्ततेवर कॅगने २०१२ च्या अहवालात ताशेरे मारले होते, तेव्हा आपण शिकवायला जाऊ नये.

अबुधाबीकर

परवाना उशिरा मिळाला हे मान्य. पण ती ताकद आली कशी? समोर खरी भट्टी होती म्हणून! कागदी भट्टीला नाही म्हणून कोणी शिकत नाही. आणि ग्रीडचं म्हणाल तर एप्रिल २०२५ मध्ये भारताबरोबर समुद्राखालच्या वीजवाहिनीचा सामंजस्य करार झालाय. ती आली की तुमचा दहा टक्क्यांचा नियम सैल होईल.

हिशेबनीस

अहो, ती वाहिनी आली तर भट्टी हवी कशाला? वीज इकडूनच विकत घ्या. आपला कुडनकुलम अणुप्रकल्प समोरच्याच किनाऱ्यावर आहे. तिथे काही बिघडलं तर झळ त्यांनाही लागणारच, निदान दिवे तरी लावू देत.

बोईसरचा

आणि उद्या इकडच्याने हात आखडला तर? इंधन निदान आणून साठवता येतं, तारेतली वीज कुठे साठवणार?

तारखांब

बोईसरकर, हा मुद्दा माझ्या हिशेबात नव्हता. वाहिनी नुसती वीज आणायला, की धक्का बसला तर सावरायलाही, हे त्या करारात आत्ताच ठरवून घ्यायला हवं. भट्टी आली काय, न आली काय. आज रात्रपाळी आहे, वाहिनीच्या क्षमतेचं गणित उद्या मांडतो. तोवर माकडाचे विनोद दुसऱ्या धाग्यावर.